जपान ट्रिपमध्ये फोन खाली ठेवायला लावणारी वही : गोशुइनचोचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, ही वही फोन सुटावा म्हणून कोणी बनवलेली नाही, तिचा आणि फोनचा काडीचा संबंध नाही. जपानमधल्या बौद्ध मंदिरांत आणि शिंतो देवळांत दर्शन झालं की एका खिडकीपाशी जाऊन ही वही द्यायची, आतला माणूस ब्रशने काळ्या शाईत देवाचं किंवा देवळाचं नाव आणि तारीख लिहितो, त्यावर लालभडक शिक्के उमटवतो, आपण पैसे द्यायचे, वही घ्यायची, झालं. त्या लिहिलेल्या पानाला गोशुइन म्हणतात आणि वहीला गोशुइनचो. एवढंच प्रॉडक्ट आहे. पण या ट्रिपला फोन कमी वापरायचा म्हणून आम्ही जे जे उद्योग केले त्यात खऱ्या अर्थाने चालली ती ही एकच गोष्ट, आणि मराठीत हिच्याबद्दल 'सुंदर सुव्हेनिअर आहे, नक्की घ्या' याच्यापुढे कोणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि माझ्या सासूबाई. रूट सगळ्यांचा असतो तोच, टोकियो, कामाकुरा, क्योतो, नारा. आणि फोनच्या बाबतीत आमचं घर म्हणजे चारचौघांसारखंच, नवऱ्याचं ऑफिस चोवीस तास खिशात, माझं स्क्रोलिंग, आणि आईंना यूट्यूब आणि फॅमिली ग्रुप. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथे सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे साडेसहा, म्हणजे तुम्ही दिवसातल्या पहिल्या देवळाच्या दारात उभे असता बरोब्बर तेव्हा गुलाबाची फुलं, चहाचे कप आणि सुप्रभात यायला सुरुवात होते. दीड वाजता नवऱ्याचं ऑफिस उघडतं. आणि दिवसभर मावशी, आत्या, काकू सगळ्यांचं चालू, 'फोटो टाका ना', 'आत्ता कुठे आहात', 'लाइव्ह लोकेशन पाठवा बघू'. प्रेमच असतं त्यात, मान्य, पण जेवढे पैसे घालून गेलोय त्याच्या हिशोबाने बघायला गेलं तर भलतंच महाग प्रेम आहे हे.

तर आधी न चाललेल्या गोष्टी. स्क्रीन टाइमचं लिमिट लावलं, ते 'आणखी पंधरा मिनिटं' विचारतं आणि आपण न वाचता हो म्हणतो, दोन दिवसांनी तर अंगठ्याला सवयच लागते. स्क्रीन काळीपांढरी करून बघितली, त्याने इन्स्टा खरंच कंटाळवाणं होतं पण टोकियोच्या मेट्रोचा नकाशा हा रंगांवरच चालतो, त्यामुळे पहिल्याच बदलीच्या स्टेशनवर तो प्रयोग संपला. फोन हॉटेलवर ठेवून जा असं सांगणारे लोक बहुतेक शिंजुकू स्टेशनला कधी गेलेले नसावेत. दोनशेच्या वर एक्झिट आहेत त्या स्टेशनला, चुकीच्या बाजूला वर आलात तर गेली तुमची पंधरा-वीस मिनिटं.

माझं निरीक्षण असं की परदेशात फोनची गोची वेगळी असते. घरी आपण फोन उगाच उचलतो, तिथे मात्र कारणाने उचलतो. नकाशा बघायचा, तिकीट दाखवायचं, पाटीवर काय लिहिलंय ते भाषांतर करायचं, किती येन म्हणजे किती रुपये ते बघायचं, नुसतं किती वाजले बघायला सुद्धा. प्रत्येक वेळी कारण शंभर टक्के खरं असतं आणि प्रत्येक वेळी फोन उघडल्यावर वर तीन नोटिफिकेशन दिसतात, आणि मग नकाशा बघायला काढलेला फोन तुम्ही ठेवता तेव्हा मावसबहिणीच्या मुलाच्या बारशाचे सगळे फोटो बघून झालेले असतात. म्हणजे मनाला कितीही दटावलं तरी उपयोग नाही, ही कारणंच एकेक करून फोनमधून बाहेर काढायला पाहिजेत.

ते बऱ्यापैकी जमतं. आयफोनमध्ये सुइका, म्हणजे तिथलं ट्रेनचं प्रीपेड कार्ड, टाकता येतं पण आम्ही मुद्दाम प्लास्टिकचं वेलकम सुइका कार्ड घेतलं, २८ दिवस चालतं, डिपॉझिट नाही, गेटला टेकवा आणि जा, कॉन्बिनीत म्हणजे त्यांच्या सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्टमध्ये पण चालतं. मनगटाला साधं घड्याळ. हॉटेलचा पत्ता जपानीमध्ये छापून पाकिटात. आणि शाकाहारी असाल तर हे नक्की करा, 'मांस, मासे आणि माशाचा दाशी चालत नाही' असं जपानीत लिहिलेलं कार्ड निघायच्या आधी प्रिंट करून लॅमिनेट करून घ्या, कारण तिथे सूप, सॉस, उडॉनचं पाणी, सगळ्यात बोनितो माशाचा दाशी, म्हणजे उकळून काढलेला अर्क, असतो आणि हॉटेलवाल्याला तो मांसाहार वाटतच नाही. कार्ड दाखवलं की तो वाचतो, आत जाऊन विचारून येतो, आणि हो किंवा नाही सांगतो, भाषांतराच्या ॲपपेक्षा लवकर होतं. नेटसाठी प्रत्येकाला ईसिम न घेता एकच पॉकेट वायफाय भाड्याने घेतला आणि तो आईंच्या पर्समध्ये ठेवला. ज्याला नेट पाहिजे त्याने आईंच्या आजूबाजूला राहायचं. या एका गोष्टीने नवऱ्याचं ऑफिस निम्मं कमी झालं, आणि मुलगा आपल्याला सोडून पुढे पुढे पळत नाही म्हणून आई पण खूश.

पण एवढं सगळं करून सुद्धा हात रिकामे राहतातच ना. रांगेत उभं राहिलं की हात खिशात जातो. देवळात पोचलं की आधी फोन वर, दहा फोटो, मग डोळ्यांनी बघणं, ते पण फोटो बरे आलेत का हे बघून झाल्यावर. हाताला दुसरं काहीतरी काम द्यायला पाहिजे होतं आणि ते काम या वहीने दिलं.

आता वहीबद्दल. बाहेरून बघाल तर जाड पुठ्ठ्याचं, वर ब्रोकेडचं किंवा छापील कापड लावलेलं छोटं पुस्तक. आत पानं शिवलेली नसतात, एकच लांबलचक पट्टी घड्या घालून बसवलेली, उघडली की अकॉर्डियनसारखी सरसर बाहेर येते. कागद वाशी, म्हणजे पारंपरिक जपानी, जाड, किंचित खरखरीत, शाई पिणारा. साइज दोन, साधारण ११ बाय १६ सेंटीमीटर आणि १२ बाय १८. मोठी घ्या असं माझं मत, छोट्या वहीत लिहिणाऱ्याला हात आखडता घ्यावा लागतो आणि ते दिसतं. किंमत साधारण हजार ते अडीच-तीन हजार येन, म्हणजे आपले सहाशेपासून दीड-पावणेदोन हजारांपर्यंत. मोठ्या देवळांची स्वतःची डिझाइन असतात, नाहीतर टोकियोत गिंझाला इतोया नावाचं स्टेशनरीचं भलंमोठं दुकान आहे तिथे किंवा लॉफ्ट नावाच्या दुकानांत मिळतात. दुकानात व्हरायटी जास्त, पण मला विचाराल तर पहिल्या देवळातूनच घ्या, बऱ्याच ठिकाणी वही घेतली की पहिलं पान तिथेच लिहून मिळतं.

आमचं पहिलं देऊळ असाकुसाचं सेन्सोजी. मोठ्या लाल कंदिलाखाली आणि नाकामिसेच्या दुकानांत जी गर्दी असते ती बघून मला वाटलं इथे कसलं लिहून देतायत. पण गोशुइन मुख्य देवळात मिळतच नाही, बाजूला योगोदो म्हणून वेगळी इमारत आहे तिथे जायचं, आणि त्या बाजूला गर्दी एकदम विरळ. छोटी बाग, ओढा, दगडी मूर्ती. वही नसती तर आम्ही कंदिलाचा फोटो काढून तिथूनच परत फिरलो असतो, शंभर टक्के.

आणि मग ते लिहिणं. हे मात्र नीट सांगते कारण सगळी गंमत त्यातच आहे. आपण वही उघडून, ज्या पानावर पाहिजे ते पान वर करून द्यायची. समोरचा माणूस आधी घडी हाताने सपाट दाबतो. मग ब्रश शाईत बुडवून दगडाच्या कडेला टेकवतो, जादा शाई निथळू देतो, आणि पहिला फटकारा मारतो तो एकदम जाड, ओला, चकचकीत. पुढे पुढे शाई कमी होत जाते तशा ब्रशच्या केसांच्या रेघा दिसायला लागतात आणि शेवटच्या अक्षराची शेपूट जवळजवळ कोरडी, हवेत विरल्यासारखी. तो मध्ये थांबत नाही, खोडत नाही, दुसऱ्यांदा गिरवत नाही. मग लाल शिक्के, प्रत्येक शिक्का ठेवल्यावर वरून अंगठ्याने दाब देऊन. शेवटी पानावर एक पातळ कागद ठेवतो, म्हणजे ओली शाई समोरच्या पानाला लागू नये, आणि दोन्ही हातांनी वही परत देतो. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. लिहिताना फोटो किंवा व्हिडिओ काढायचा नाही, बहुतेक ठिकाणी तशी पाटीच असते, आणि नसली तरी काढू नका. मग करणार काय, बघतच उभं राहावं लागतं. तीन माणसं, तिन्ही फोन आत, तिघांचं लक्ष एकाच ब्रशच्या टोकाकडे, आमच्या घरात हे सीन इंडिया-पाकिस्तान मॅचला पण होत नाही.

आईंना तर हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापासून वही त्यांच्याच ताब्यात. 'अगं, हे आपल्या परिक्रमेसारखंच आहे की' म्हणाल्या. त्यांचे एक चुलतभाऊ नर्मदा परिक्रमा करून आलेत, वाटेतल्या आश्रमांचे शिक्के मारलेली त्यांची वही आईंनी बघितलेली. आणि जपानमध्ये याचं मूळ तसंच यात्रेतलं आहे, पूर्वी लोक बौद्ध सूत्र हाताने लिहून काढायचे, ते देवळात अर्पण करायचे आणि त्याची पोचपावती म्हणून हा शिक्का मिळायचा. शिकोकू बेटावर ८८ देवळांची यात्रा आहे, साधारण बाराशे किलोमीटर, पायी करणारे लोक आजही वही घेऊन फिरतात आणि प्रत्येक देवळात पान भरून घेतात. हे मी आईंना सांगितल्यापासून त्यांनी फॅमिली ग्रुपवर शिकोकूबद्दल सुरू केलंय, ते आता पुढच्या वर्षीचं लफडं आहे, असो.

क्योतोमध्ये सांजूसांगेनदो बघाच. फोटोला आत पूर्ण बंदी, ठिकठिकाणी पाट्या आणि लक्ष ठेवायला माणसं, चपला काढून आत जायचं. जवळजवळ १२० मीटर लांब लाकडी हॉल, आणि त्यात कान्नोनच्या म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती, मधे एक मोठी बसलेली आणि दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे उभ्या, दहा ओळींत, मागची प्रत्येक ओळ थोडी वर. १२४९ मध्ये आग लागून मूळचं देऊळ जळालं, आजचा हॉल १२६६ चा. पुढच्या रांगेत २८ रक्षक देवता आणि टोकाला वारा आणि वीज यांचे देव, आणि पाट्यांवर संस्कृत नावं पण दिलेली आहेत, त्यामुळे आपल्याला तिथे जी मजा येते ती सोबतच्या गोऱ्या टूरिस्टला येत नाही. ब्रह्मा ओळखीचा, इंद्र ओळखीचा, आणि एके ठिकाणी चोच आणि पंख असलेला गरुड बासरी वाजवतोय. बासरी! आई त्या गरुडासमोर इतका वेळ उभ्या होत्या की मी जाऊन विचारलं, 'आई, बसायचंय का कुठे?' तर म्हणतात, 'थांब गं, कृष्णाची ह्याच्याकडे कशी आली ते बघतेय.' फोन हातात असता तर क्लिक आणि पुढे. गोशुइन तिथेच मिळतं, शेवटी घ्या, आधी हॉल पूर्ण चाला.

याउलट कामाकुराला एनोदेन लाइनवर एक रेल्वे क्रॉसिंग आहे, मागे समुद्र, एका कार्टूनमुळे जगभर फेमस झालेलं. तिथे माणसं रस्त्यावर उतरून ट्रेन येण्याची वाट बघत फोन धरून उभी, ट्रेन आली की दहा सेकंद गलका, आणि गेली की सगळ्यांच्या माना खाली, फोटो बघायला. समुद्राकडे ढुंकूनही कोणी बघत नाही. जपानी लोकांची सहनशक्ती पण संपत चाललीय असं दिसतं. क्योतोच्या गिओनमध्ये गेइको-माइकोंच्या, म्हणजे गेइशा आणि शिकाऊ गेइशांच्या मागे फोन घेऊन धावणाऱ्यांमुळे खासगी गल्ल्यांत फोटोला बंदी आली, दहा हजार येन दंडाच्या पाट्या लागल्या, आणि २०२४ मध्ये काही गल्ल्यांत टूरिस्टना शिरायलाच मनाई केली. त्याच वर्षी मे महिन्यात फुजीकावागुचिकोमध्ये लॉसनच्या दुकानामागे फुजी दिसतो तो स्पॉट अडवायला अडीच मीटर उंच, वीस मीटर लांब काळी जाळी लावली होती, ऑगस्टमध्ये काढली. डोंगर झाकायची वेळ आणली लोकांनी. अशा वातावरणात तुम्ही वही घेऊन खिडकीपाशी रांगेत उभे राहता आणि नीट वाकून 'ओनेगाइ शिमास' म्हणजे 'प्लीज' म्हणता तेव्हा समोरची वागणूक बदलते हे मला स्पष्ट जाणवलं. एका छोट्या देवळात लिहिणाऱ्या आजींनी आईंना खुणेने बसायला खुर्ची दाखवली आणि 'इंडो?' म्हणजे 'इंडिया?' विचारून हात जोडले.

आता नियम आणि खाचाखोचा, हे कोणी आधी सांगत नाही. आधी दर्शन, मग गोशुइन, उलटं करू नका. एका पानाचे ३०० ते ५०० येन, आता बऱ्याच ठिकाणी ५००, म्हणजे आपले पावणेतीनशेच्या आसपास, सणाची स्पेशल रंगीत असतील तर हजार किंवा जास्त. सुट्टी नाणी ठेवा, दहा हजाराची नोट पुढे केलीत तर बिचारे नाही म्हणणार नाहीत पण तुम्हालाच लाज वाटेल. खिडकी साधारण सकाळी नऊला उघडते आणि चार-साडेचारला बंद, देऊळ उघडं असलं तरी, त्यामुळे दुपारी शॉपिंग आणि संध्याकाळी देवळं असा प्लॅन असेल तर विसरा. काही ठिकाणी आत जातानाच वही जमा करून टोकन देतात आणि निघताना परत, ते मला सगळ्यात आवडलं, कारण तेवढा वेळ हातात फोनही नाही, वहीही नाही. कव्हरच्या मागे नाव लिहा, सारख्या दिसणाऱ्या वह्या असतात. प्लास्टिकचं पारदर्शक कव्हर वेगळं मिळतं, घ्या, जपानमध्ये पाऊस कधीही येतो. आणि नाराला हरणांपासून सांभाळा, तोदाइजी देवळाच्या वाटेवर ती हरणं बिस्किटांसाठी अंगावर येतात तेव्हा हातातला नकाशा, तिकीट, कागद म्हणून जे दिसेल ते ओढतात, वही बॅगेत आणि चेन बंद.

तक्रारी पण आहेत. एका प्रसिद्ध देवळात, नाव घेत नाही, बराच वेळ रांगेत उभं राहिल्यावर कळलं की वहीत लिहून मिळणारच नाही, आधीच लिहून ठेवलेला सुटा कागद देणार, तारीख फक्त ताजी. घरी जाऊन चिकटवा. गर्दीच्या ठिकाणी आता हे वाढलंय, त्यांची पण अडचण कळते, पण ब्रश बघायला मिळत नसेल तर पाचशे येनचा तो नुसता छापील वाटावा असा कागद, माझ्या दृष्टीने अर्धी मजा गेली. रांगेत पाटी आधी लावायला काय हरकत होती? चिकटवायला तिथे गोंद पण मिळाला नाही, आम्ही कॉन्बिनीतून ग्लू स्टिक आणली. कागदाच्या मागच्या बाजूला शाई फुटते, त्यामुळे दोन्ही बाजू वापरता येतात असं दुकानदार म्हणाला तरी मी एकच बाजू वापरीन.

आणि मोठा दोष म्हणजे हिची पण नशा चढते. क्योतोत एका दुपारी नवरा म्हणाला, 'इथून सात मिनिटांवर अजून एक आहे, पटकन घेऊन टाकू,' आणि नकाशा बघायला फोन काढला. म्हणजे रील्सच्या जागी शिक्के, बाकी धावपळ तीच. तिथे आईंनी ब्रेक लावला, 'देवळात गेल्याशिवाय पान नाही, आणि बसल्याशिवाय देऊळ नाही.' सासूबाईंचे सगळेच नियम मला पटतात असं नाही पण हा आम्ही शेवटपर्यंत पाळला. जपानमध्ये पण हा रोग आहेच, २०१९ च्या १ मे ला नवीन सम्राटाचं रेइवा पर्व सुरू झालं त्या दिवशीच्या तारखेचं पान मिळावं म्हणून टोकियोच्या मेइजी देवळात लोक तासन् तास रांगेत उभे होते, आणि नंतर तीच पानं ऑनलाइन विकायला पण निघाली.

फोन अगदीच बंद करून ठेवू नका हे मात्र सांगते. भूकंपाचा इशारा फोनवरच येतो, तिथल्या पर्यटन खात्याचं सेफ्टी टिप्स नावाचं फुकट ॲप आहे, इंग्लिशमध्ये सांगतं, ते घालून ठेवा आणि त्याचं नोटिफिकेशन चालू, बाकीच्यांची बंद. ट्रेन बदलायची असेल तेव्हा प्लॅटफॉर्म कुठला हे बघायला नकाशाच्या ॲपला तोड नाही, तिथे हट्ट करून कागदी नकाशा उघडणारा माणूस मागच्या चाळीस लोकांची वाट अडवतो. आमची पद्धत अशी झाली की स्टेशनपासून स्टेशनपर्यंत एकाचा फोन बाहेर, स्टेशनच्या बाहेर पडलो की आत. पुढे रस्ता चुकलो तर कोबान, म्हणजे कोपऱ्या-कोपऱ्यावरची छोटी पोलीस चौकी, तिथे भिंतीवर भागाचा मोठा नकाशा असतो आणि पोलीस रस्ता सांगतात. फक्त रस्त्यावरचे नकाशाचे बोर्ड बघताना सावध, त्यात उत्तर वर असेलच असं नाही, तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे आहात ती वर असते बऱ्याचदा.

बरोबर मुलं असतील आणि देवळांना कंटाळणार असतील तर त्यांना वेगळी साधी वही द्या, स्टेशनचे शिक्के घ्यायला. जवळजवळ सगळ्या मोठ्या स्टेशनांवर रबरी शिक्का आणि शाईचा पॅड ठेवलेला असतो, फुकट, त्या त्या गावाचं चित्र असतं, १९३१ साली फुकुई स्टेशनवर सुरू झालेली ही पद्धत आहे. आमच्या डब्यात एक जपानी मुलगा असली वही उघडून पुढचं स्टेशन कुठलं ते आईला पाठ म्हणून दाखवत होता, टॅब नाही, काही नाही. पण हे शिक्के गोशुइनचोमध्ये मारू नका, काही देवळांत अशी मिसळलेली वही बघून लिहायला नकार देतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

कोणी घेऊ नये? ज्यांची ग्रुप टूर आहे आणि प्रत्येक ठिकाणी 'चला, वीस मिनिटांत बसमध्ये' असं आहे, त्यांना रांगेतच टेन्शन येईल. ज्यांना देवळांत रस नाही आणि ओसाका-आकिहाबारा-डिस्नी असाच प्लॅन आहे त्यांनी पण नको. डिजिटल डिटॉक्सच्या नावाखाली महागडी रिसॉर्ट घेणाऱ्यांना मात्र मी म्हणेन की आधी हे करून बघा, आणि हात मोकळे ठेवायचेच असतील तर एखाद्या दिवशी ओन्सेनला जा, गरम पाण्याच्या त्या सार्वजनिक हमामात फोन न्यायला मनाईच असते, अंगावर कपडा पण नसतो तिथे फोन कुठे ठेवणार.

रेटिंग द्यायचं तर वहीला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या शाई फुटण्याचा कापला. फोन कमी करण्याच्या कामाला चार, कारण एकटी वही पुरत नाही, सुइका कार्ड, घड्याळ आणि आईंच्या पर्समधला वायफाय यांच्याशिवाय ती पण हरली असती. भारतातून ऑनलाइन मागवू नका, चौपट किंमत लावतात आणि कागद कुठला ते कळत नाही. आणि घरात दोघांना हौस असेल तर दोन वेगळ्या वह्या घ्या, आमच्याकडे एकच आहे आणि ती आईंच्या कपाटात, किल्लीसकट.